लुई ब्रेल : सहा ठिपक्यांचं एनकोडिंग करणारा पंधरा वर्षांचा पोरगा

फ्रान्समध्ये कुप्व्रे नावाचं एक खेडं आहे. तिथल्या दफनभूमीत एका छोट्या कलशात एका माणसाचे फक्त हात जपून ठेवले आहेत. बाकीचा देह पॅरिसच्या पँथिऑनमध्ये आहे. व्होल्तेर, रुसो, व्हिक्टर ह्यूगो अशी फ्रान्सची मोठी माणसं जिथे विसावली आहेत, तीच ही इमारत. १९५२ साली, म्हणजे मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, सरकारने त्याला तिकडे हलवलं. हात मात्र गावाकडे राहिले.

हा माणूस म्हणजे लुई ब्रेल.

ब्रेल म्हटलं की आपल्याला लिफ्टच्या बटणावरचे, औषधाच्या खोक्यावरचे ठिपके आठवतात. अंधांची भाषा, असंही बरेच जण सहज म्हणून जातात. पण ब्रेल ही भाषा नाही. कम्प्युटरवाले ज्याला एनकोडिंग म्हणतात, त्याच्या ती फार जवळ जाते. त्यामुळे लुईची गोष्ट सांगण्याआधी एनकोडिंग म्हणजे काय ते पटकन बघून घेऊ.

कम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिलेला असतो. म या अक्षराचा युनिकोडमधला आकडा २३५०. हा आकडा साठवायचा किंवा पाठवायचा तर त्याचे बाइट्स करावे लागतात. पायथॉनमध्ये मराठी हा शब्द घेतला आणि त्याला यूटीएफ-८ पद्धतीने एनकोड करायला सांगितलं, की १५ बाइट्स हातात येतात. तेच बाइट्स यूटीएफ-८ म्हणूनच डिकोड केले की शब्द जसाच्या तसा परत मिळतो. पण डिकोड करताना दुसराच तक्ता लावला, उदाहरणार्थ लॅटिन-१ हा जुना युरोपीय तक्ता, तर पायथॉन कसलीही तक्रार करत नाही. तो मुकाट्याने कचरा दाखवतो. जुनी मराठी फाइल उघडल्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि पुढे चित्रविचित्र चिन्हं दिसतात ना, तो हाच प्रकार. बाइट्स शाबूत असतात, तक्ता चुकलेला असतो.

थोडक्यात, खुणा आणि तक्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लुईने आयुष्यभर जे काम केलं आणि ज्यावरून त्याच्या शाळेत भांडणं झाली, ते सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

खोगिराच्या कारखान्यातला अपघात

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. कुप्व्रे पॅरिसच्या पूर्वेला आहे. वडील सिमों-रेने घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे, त्यामुळे घरातच चामड्याचा कारखाना होता. तीन वर्षांचा असताना लुई तिथली आरी घेऊन चामड्याला भोक पाडायला गेला. आरी सटकली आणि डोळ्यात घुसली. तेव्हा जंतुसंसर्गावर औषध नव्हतं. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत लुईची दृष्टी पूर्ण गेली.

त्या काळात गरिबाघरच्या आंधळ्या मुलाच्या नशिबी बहुतेक वेळा भीक मागणंच यायचं. लुईच्या घरच्यांनी तसं होऊ दिलं नाही. वडिलांनी लाकडावर खिळे ठोकून अक्षरांचे आकार बनवले आणि बोट फिरवून मुलाला अक्षरं शिकवली. गावच्या पाद्रीबाबांनी आणि शाळामास्तरांनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसवलं. पोरगा ऐकून ऐकून सगळं लक्षात ठेवायचा. त्याची हुशारी बघून खटपट झाली आणि १८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, पॅरिसच्या अंध मुलांच्या राजशाळेत त्याला जागा मिळाली.

शाळेची इमारत जुनी आणि ओलसर होती. लुईला पुढे क्षय झाला. त्याचं एक कारण ही इमारत असावी, असं त्याचे बरेच चरित्रकार मानतात.

वाचता येतं, लिहिता येत नाही

ही शाळा व्हालांतँ आउई यांनी १७८० च्या दशकात सुरू केली होती. अंध मुलांना वाचायला शिकवता येतं, हे मुळात त्यांनीच जगाला पटवलं. त्यांची पद्धत साधी होती. नेहमीचीच रोमन अक्षरं मोठी करून जाड ओल्या कागदावर दाबायची, म्हणजे ती उठून येतात आणि मुलांना ती बोटांनी चाचपता येतात.

ऐकायला हे छान वाटतं. पण रोमन अक्षरं डोळ्यासाठी घडली आहेत. सी, जी, ओ आणि क्यू ही अक्षरं डोळ्याला क्षणात वेगळी कळतात, बोटाला मात्र चारही जवळपास गोलच लागतात. एकेक अक्षर चाचपत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. पुस्तकं अवाढव्य आणि जड असायची, शिवाय ती इतकी महाग पडायची की शाळेत मोजकीच होती. आणि मुख्य अडचण म्हणजे ती छापायला यंत्र लागायचं. मुलाला स्वतःला काही लिहायचं असेल, तर सोयच नव्हती. डिकोड कसंबसं जमायचं, एनकोड करायचं साधन हातातच नव्हतं.

१८२१ च्या सुमारास शाळेत एक नवी पद्धत आली. ती शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची होती. रात्रीच्या अंधारात सैनिकांना दिवा न लावता संदेश वाचता यावेत म्हणून त्याने ती काढली, ही कथा खूप ठिकाणी वाचायला मिळते, पण अभ्यासकांमध्ये त्यावर एकमत नाही. पद्धत मात्र नीट माहीत आहे. बार्बिएने फ्रेंचमधल्या ३६ ध्वनींचा सहा बाय सहाचा तक्ता केला. ध्वनी कितव्या ओळीत आहे तेवढे ठिपके डावीकडच्या उभ्या रांगेत द्यायचे, ओळीत कितवा आहे तेवढे उजवीकडच्या रांगेत. म्हणजे एका ध्वनीला जास्तीत जास्त बारा ठिपके. शिवाय पाटी आणि टोच्या घेऊन ते ठिपके कुणालाही हाताने पाडता यायचे.

रेघांऐवजी ठिपके वापरायचे, ही कल्पना बार्बिएची. बोटाला ठिपका रेघेपेक्षा चटकन कळतो. लुईने स्वतःच्या पुस्तकात हे श्रेय बार्बिएला मोकळेपणाने दिलं आहे. आजच्या लेखांमध्ये बार्बिएला बहुतेक वेळा एका ओळीत गुंडाळतात, ते काही बरोबर नाही.

पण पद्धतीत अडचणी होत्या. बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत. बोट वरखाली फिरवावं लागतं, ठिपके मोजावे लागतात, मग मनातल्या तक्त्यात ओळ आणि जागा शोधावी लागते. दुसरं म्हणजे ही पद्धत ध्वनींची होती, अक्षरांची नव्हती. फ्रेंचमध्ये लिहिलेलं आणि बोललेलं यात जमीनअस्मानाचा फरक असतो. त्यामुळे शुद्धलेखन शिकता येत नव्हतं. विरामचिन्हं, आकडे, संगीत यांचीही सोय नव्हती.

हिशेब बघा. बारा जागा, प्रत्येक जागी ठिपका आहे किंवा नाही, म्हणजे ४०९६ वेगवेगळ्या आकृत्या करता येतात. बार्बिए त्यातल्या फक्त ३६ वापरत होता.

सहाच ठिपके का?

पुढची दोन-तीन वर्षं लुई रात्री आणि सुट्टीत यावरच बसला. १८२४ पर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत बऱ्यापैकी तयार झाली होती.

त्याने ठिपके निम्मे केले. उभे तीन, आडवे दोन, एकूण सहा. एवढं घर बोटाच्या टोकाखाली एकदम मावतं. बोट न हलवता पूर्ण आकृती कळते, मोजत बसावं लागत नाही. सहा जागांच्या ६४ आकृत्या होतात. त्यातली एक रिकामी, उरल्या ६३. अक्षरं, स्वरचिन्हं आणि विरामचिन्हं यांना एवढ्या पुरतात. आजच्या भाषेत हे सहा बिटचं एनकोडिंग झालं, तेही विजेची तार निघायच्या कितीतरी आधी.

तक्त्याची रचनाही नीट बघण्यासारखी आहे. डावीकडच्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडच्या रांगेत ४, ५, ६ असे ठिपक्यांना क्रमांक आहेत. ए ते जे ही पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांत बसवली आहेत. पुढची दहा अक्षरं म्हणजे तीच दहा, प्रत्येकीत ठिपका ३ वाढवलेला. ए म्हणजे १, तर के म्हणजे १-३. त्याच्या पुढच्या अक्षरांत ठिपका ६ पण वाढतो. म्हणजे दहा आकृत्या पाठ केल्या की बाकीची अक्षरं आपोआप येतात.

या ओळीत एक अक्षर मात्र बसत नाही, ते म्हणजे डब्ल्यू. फ्रेंचमध्ये डब्ल्यू जवळपास लागतच नाही, म्हणून लुईच्या मूळ तक्त्यात ते नव्हतंच. नंतर जोडलं तेव्हा त्याला उरलेली आकृती मिळाली, २-४-५-६. हा डब्ल्यू लक्षात ठेवा, तो पुढे मराठीत भेटणार आहे.

आकड्यांसाठी वेगळ्या आकृत्या नाहीत. आधी एक अंकचिन्ह येतं आणि त्यानंतर ए ते जे यांनाच १ ते ९ आणि ० समजायचं. कीबोर्डवरच्या शिफ्टसारखंच हे. खूण तीच, पण आधी काय आलंय त्यावर अर्थ बदलतो. हीच युक्ती पुढे टेलिप्रिंटरच्या कोडमध्येही वापरली गेली.

हाताने ब्रेल लिहिताना आणखी एक गंमत होते. टोच्याने कागदाच्या मागच्या बाजूने ठिपके पाडायचे असतात, उठाव पुढच्या बाजूला येतो. त्यामुळे लिहिताना उजवीकडून डावीकडे, प्रत्येक आकृती आरशातल्यासारखी उलटी लिहायची आणि मग कागद पलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. दोन दिशांची सवय लावून घ्यावी लागते, आणि मुलं ती सहज लावून घेतात.

१८२९ मध्ये लुईचं पुस्तक आलं. शब्द, संगीत आणि चर्चमधली गाणी ठिपक्यांनी कशी लिहायची हे त्यात सांगितलं होतं. गंमत म्हणजे ते पुस्तक छापलं होतं जुन्या पद्धतीच्या उठावदार रोमन अक्षरांत. नव्या लिपीत छापून उपयोग नव्हता, कारण ती अजून कुणाला येत नव्हती. या पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर छोट्या रेघाही होत्या. त्या हाताने काढायला अवघड पडतात हे वापरातून कळलं आणि १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीतून लुईने त्या काढून टाकल्या. त्याच वर्षी शाळेने फ्रान्सच्या इतिहासाचं तीन खंडांचं पुस्तक ब्रेलमध्ये काढलं.

डोळसांना वाचता येत नाही, म्हणून

लुई आता त्याच शाळेत शिक्षक होता. शिवाय पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि उत्तम वाजवायचा. संगीताची ब्रेल लिपी त्याने इतक्या जिव्हाळ्याने का बसवली, ते यावरून कळतं. मुलं त्याची लिपी वापरत होती, टिपणं काढत होती, एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत होती.

पण शाळा चालवणारे डोळस होते. त्यांना हे ठिपके वाचता येत नव्हते. मुलं आपापसात काय लिहितात ते शिक्षकाला कळू नये, हे कुठल्या शाळेला चालेल? त्यांचा युक्तिवाद असा, की अंधांना समाजात मिसळायचं असेल तर लिपीही समाजाचीच हवी. वेगळी लिपी म्हणजे वेगळं बेट. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, पण ज्यांना ती लिपी वापरायची होती त्यांचं मत त्यात कुणी विचारलं नव्हतं.

१८४० मध्ये लुईच्या बाजूचे संचालक पिनिए यांना पायउतार व्हावं लागलं आणि द्युफो हे नवे संचालक आले. द्युफो यांनी ब्रिटनमध्ये चाललेली, सोप्या केलेल्या रोमन अक्षरांची पद्धत आणली आणि ब्रेल बंद केली. जुनी पुस्तकं जाळली गेल्याचंही सांगितलं जातं. मुलांनी मात्र ब्रेल सोडली नाही. जी पद्धत लिहिता येते ती हातातून काढून घेणं अवघड असतं. लपूनछपून लिहिणं चालूच राहिलं.

लुईने या वादाला वेगळंच उत्तर दिलं होतं. डोळसांना ठिपके वाचता येत नाहीत ना, मग ठिपक्यांनीच रोमन अक्षरं काढू. १८३९ मध्ये त्याने डेकापॉइंट नावाची पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक अक्षर दहा ठिपके उंचीच्या जाळीवर बसवायचं. कुठल्या अक्षराला कुठले ठिपके, त्याचा आकड्यांचा तक्ता त्याने करून दिला. आता अंध मुलगा घरी आईला पत्र लिहू शकत होता आणि आई ते डोळ्यांनी वाचू शकत होती. पिएर फुको या अंध मित्राने त्यासाठी १८४१ मध्ये एक यंत्रही बनवलं. आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटांवर आणि बँकेच्या पासबुकात दिसणारी डॉट मॅट्रिक्सची अक्षरं आठवा, त्यांचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. डेकापॉइंट आज कुणाला आठवत नाही. मला विचाराल तर लुईचा स्वभाव त्यातच जास्त दिसतो.

शेवटी वारं फिरलं ते शाळेतूनच. द्युफो यांचे सहायक गादे यांनी मुलांचा वेग बघितला आणि संचालकांचं मन वळवलं. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक झालं. एका मुलाला मजकूर सांगितला, त्याने तो ब्रेलमध्ये लिहिला. तो मजकूर सांगताना बाहेर असलेल्या दुसऱ्या मुलाला आत बोलावलं आणि त्याने तो घडाघडा वाचून दाखवला. प्रोग्रॅमर आजही याच पद्धतीने चाचणी करतात. एनकोड करा, डिकोड करा, मूळ मजकूर जसाच्या तसा परत आला तर पास.

तोवर लुईची तब्येत खालावली होती. क्षयामुळे त्याला वारंवार शिकवणं थांबवावं लागत होतं. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळीस वर्षं पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, तो गेला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. शाळेने ब्रेल अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. १८७८ ला पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ब्रेलच्या बाजूने कौल दिला.

मराठीतला डब्ल्यू

भारतात ब्रेल आली तेव्हा वेगळाच गोंधळ झाला. ठिपके सहाच, पण निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे तक्ते. एकीकडचं पुस्तक दुसरीकडे वाचता येईना. १९५१ मध्ये भारती ब्रेल हा समान तक्ता ठरला. त्यात मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ अशा भाषांतल्या सारख्या अक्षरांना सारखी आकृती आहे. क म्हणजे १-३, इंग्रजी के सारखाच. म म्हणजे १-३-४, इंग्रजी एम सारखा. क्ष ला इंग्रजी क्यू ची आकृती मिळाली. आणि तो उशिरा आलेला डब्ल्यू, २-४-५-६? तो झाला आपला ठ.

मराठी हा शब्द ब्रेलमध्ये पाच घरांचा होतो: १-३-४, १-२-३-५, ३-४-५, २-४-५-६, ३-५. हीच पाच घरं इंग्रजीच्या संक्षिप्त ब्रेलचा तक्ता डोक्यात असलेल्या माणसाने वाचली, तर त्याला एम, आर, एआर, डब्ल्यू, इन असं मिळेल. म्हणजे साधारण म्रारविन.

हे माहीत असल्यामुळेच युनिकोडने १९९९ मध्ये ब्रेल घेतली तेव्हा शहाणपणा केला. अक्षरांना जागा दिली नाही, आकृत्यांना दिली. ठिपका १ ची किंमत १, २ ची २, ३ ची ४, ४ ची ८, ५ ची १६, ६ ची ३२. कम्प्युटरसाठी आठ ठिपक्यांची घरंही लागतात, म्हणून ७ ची ६४ आणि ८ ची १२८. या किमतींची बेरीज करून ती १०२४० मध्ये मिळवायची. म म्हणजे १, ३, ४, म्हणजे १ अधिक ४ अधिक ८, बरोबर १३. पायथॉनला १०२५३ क्रमांकाचं अक्षर मागा, म ची ब्रेल आकृती समोर येते. ती म आहे की एम, हे युनिकोड सांगत नाही.

तक्ता लावायचं काम लिबलुई नावाची मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररी करते. हे नाव लुईवरूनच ठेवलं आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, जो बराचसा पायथॉनमध्ये लिहिला आहे, तो ब्रेलसाठी हीच लायब्ररी वापरतो. कम्प्युटरवरचा मजकूर लिबलुईकडे जातो, तिथून ठिपके परत येतात आणि ब्रेल डिस्प्लेवरच्या बारीक पिना त्याप्रमाणे वरखाली होतात. बोटाने वाचायचं, पुढची ओळ मागायची.

हे काम एका अक्षराला एक आकृती इतकं सरळ नसतं. शक्ती हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये हलन्त क च्या नंतर येतो, भारती ब्रेलमध्ये त्याचा ठिपका ४ क च्या आधी येतो. म्हणून लिबलुईत प्रत्येक भाषेच्या नियमांची वेगळी फाइल असते. तशी मराठीचीही आहे. भाषांतर करायला सांगताना मजकुराआधी या फाइलचं नाव द्यावं लागतं. उलट दिशेने, ठिपक्यांचा मजकूर करतानाही द्यावं लागतं. तिथे मराठीऐवजी संक्षिप्त इंग्रजीची फाइल दिली, तर प्रोग्रॅम अडत नाही, पण मराठीचं म्रारविन होतं.